सोळा वर्षांनी जुना डाव पुन्हा मांडायचा आहे: खानापूर भागात तीन दिवसांचा मुक्काम कसा आखावा?

टिळकवाडीचा सूत्रधार

नमस्कार. २००३ ते २००७ या काळात बेळगावात अभियांत्रिकी शिकत असताना आम्ही सहा मित्र दर शनिवारी रात्री टिळकवाडीतल्या एका भाड्याच्या खोलीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत असू. (हा टेबलाभोवती बसून खेळायचा कथेचा खेळ: प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो, सूत्रधार गोष्ट मांडतो आणि कोणाला काय साधले ते फासे ठरवतात.) त्या वेळी नवी असलेली साडेतीन क्रमांकाची आवृत्ती, तिच्या नियमपुस्तकांच्या झेरॉक्स प्रती आणि सहा जणांत मिळून फाशांचा एकच संच, एवढ्या भांडवलावर तो डाव चालला. शिक्षण संपल्यावरही सुट्ट्यांत एकत्र येऊन आम्ही तो रेटला. २००९ मध्ये मात्र तो जो थांबला तो थांबलाच. आता दोघे पुण्यात आहेत, एक बेंगळुरूत, एक पणजीत, एक आपल्या मूळ गावी धारवाडात, आणि मी इथेच आहे. सगळ्यांनी चाळिशी गाठलेली आहे आणि सगळ्यांच्या मनात एकदा तीन दिवस काढून पुन्हा खेळावे असे आहे. डीएमचे, म्हणजे आमच्या भाषेत सूत्रधाराचे, काम तेव्हाही माझ्याकडे होते आणि आताही ते माझ्याच गळ्यात पडणार हे उघड आहे.

चार वर्षांपूर्वी जुलै महिन्यात असा एक प्रयत्न करून पाहिला होता. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढे एक घर भाड्याने घेतले. पहिल्याच संध्याकाळी वीज गेली आणि ती परतीच्या दिवसापर्यंत आली नाही. नियम सगळ्यांच्या फोनवर आणि माझी टिपणे संगणकात असल्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्याकडे खेळण्यासारखे काही उरले नाही. शिवाय स्वयंपाकाची पाळी लावलेली असल्याने कोणी ना कोणी सतत चुलीपाशी असे. तीन दिवसांत जेमतेम दीड तास खेळ झाला, आणि त्यातला अर्धा तास माझ्या शेजारी कोणीतरी कांदा चिरत होते.

या वेळी अडचणी आणखी दोन आहेत. पुण्याच्या दोघा मित्रांच्या पत्नीही येणार आहेत. दोघींनीही हा खेळ कधी पाहिलेला नाही, पण बाजूला बसून राहण्याची त्यांची तयारी नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे मला धरून आठ माणसे होतात. दुसरी अडचण जरा नाजूक आहे. आमच्या जुन्या कथेत दोन राज्यांच्या सीमेवरचे एक तटबंदीचे गाव होते आणि शेवटच्या बैठकीत त्या गावाने कोणत्या राज्यासाठी वेस उघडावी असा पेच पडला होता. (सीमाभागातल्या पोरांना दुसरे काय सुचणार, असे कोणी म्हटले तर मी हरकत घेणार नाही.) त्यावरून धारवाडचा मित्र आणि पणजीचा मित्र यांच्यात खेळाबाहेरचे शब्द निघाले आणि दोघे उठून गेले. पुढे त्यांच्यात सगळे सुरळीत झाले, एकमेकांच्या लग्नांना ते गेले, पण त्या कथेचा विषय त्यानंतर कोणी काढलेला नाही. तीच कथा पुढे न्यावी की नवी मांडावी? आणि दिवस, जागा व वेळापत्रक यांचा मेळ कसा घालावा?

मलप्रभाकाठी

मी खानापूर तालुक्यातच राहतो आणि गेली काही वर्षे दर हिवाळ्यात आमच्या गटाचा असा मुक्काम आखतो. आधी दिवसांचे पाहू, कारण तुमचे घोडे पहिल्यांदा तिथेच पेंड खाणार आहे. मुले असलेल्या मित्रांना सुट्टीशिवाय निघता येत नाही, आणि आपल्याकडच्या सुट्ट्या महाराष्ट्राशी जुळत नाहीत. कर्नाटकातल्या शाळांना लांब सुट्टी दसऱ्याला असते, पुण्यातल्या शाळांना ती दिवाळीला असते. दोन्हीकडे एकाच वेळी सुट्टी मिळते ती मे महिन्यात, आणि तेव्हा वळवाचा पाऊस कधी तुमची वीज घालवील याचा भरवसा नाही. जून ते सप्टेंबर हा काळ कणकुंबीच्या पट्ट्यात विसरून जावा, हे तुम्हाला मी सांगायला नको. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की बेळगाव शहरातली हॉटेले आणि भाड्याच्या गाड्या दोन्ही मिळेनाशा होतात. म्हणून माझे मत जानेवारीला आहे. २०२६ मध्ये २६ जानेवारीला सोमवार आहे, म्हणजे शनिवार धरून तीन दिवस कोणाची रजा न घालवता मिळतात.

बेंगळुरूच्या मित्राने शुक्रवारी रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली तर तो सकाळी बेळगावात उतरतो. पुणेकरांनी मात्र नेहमीच्या हिशेबावर विसंबू नये, कारण सातारा ते कागल या टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामांमुळे गाडी कुठे अडेल हे सांगता येत नाही. पणजीचा मित्र चोर्ला घाटाने वर येणार असेल तर त्याला कणकुंबी आधी लागेल आणि बेळगावला जावेच लागणार नाही. त्यामुळे मुक्काम कणकुंबी आणि जांबोटी यांच्या दरम्यान ठेवणे सगळ्यांच्या सोयीचे आहे.

घर ठरवताना मालकाला दृश्य, धबधबा, शेकोटी यांविषयी काही विचारू नका, ते सगळे तो आपणहून सांगतो. इन्व्हर्टर आहे का आणि तो किती तास चालतो, हे विचारा. त्यानंतर टेबल आहे का ते विचारा. आपल्याकडच्या अशा घरांत प्लॅस्टिकच्या खुर्च्या हव्या तितक्या असतात, पण आठ माणसांना एकत्र बसता येईल असे टेबल कुठेच नसते, आणि मग नकाशा जमिनीवर पसरून सगळे चार तास मांडी घालून बसतात. विशीत ते चालते. आम्ही गावातल्या मंडपवाल्याकडून लग्नात पंगतीला लावतात ती दोन लांब टेबले भाड्याने आणतो आणि त्यांवर सतरंजी घालतो. सतरंजीमुळे फासे घरंगळून खाली पडत नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही फासे टाकायला स्टीलची परात ठेवली होती, तर प्रत्येक फेकीला असा खणखणाट होई की शेवटी घरमालक काय सांडले ते पाहायला आला. परातच वापरायची असेल तर तिच्यात जुना टॉवेल अंथरा. जानेवारीत संध्याकाळनंतर ओसरीवर वारा सुटतो आणि कागद उडतात, तेव्हा प्रत्येकाला शाळेच्या परीक्षेचे एक पॅड द्या, ज्याला वरून चिमटा असतो. नियमांचे आवश्यक तेवढे भाग छापून न्या. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम असलेला संदर्भ-दस्तऐवज जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे तो छापायलाच काय, मराठीत उतरवून घ्यायलाही कोणाची परवानगी लागत नाही.

वेळापत्रकाबाबत माझा एकच आग्रह आहे. तीन दिवसांत तीनच बैठका ठेवा: शनिवारी संध्याकाळी एक, रविवारी सकाळी एक आणि रविवारी रात्री एक. प्रत्येक बैठक साडेतीन ते चार तासांची असावी. रविवारची दुपार पूर्ण मोकळी सोडा. बऱ्याच वर्षांनी भेटलेली माणसे बोलणारच. तुम्ही त्यांना बोलायला वेगळी वेळ दिली नाही तर ती तुमच्या खेळातून वेळ काढतील. सोमवारी सकाळी काहीही खेळू नये, कारण पुण्याची गाडी निघायची असताना राक्षसाला मारण्यात कोणाचे लक्ष लागत नाही. भीमगड अभयारण्याची हद्द जवळ असल्यामुळे रात्री ‘जरा चक्कर मारून येऊ’ असे म्हणत रानाकडे जाणाऱ्या मित्राला आधीच आवरा. असा एक मित्र प्रत्येक गटात असतो.

कथा मात्र नवीच घ्या. जुन्या भांडणाची खपली काढण्यासाठी तीन दिवस आणि आठ माणसे खर्च करू नयेत, असे मला वाटते.

निपाणीचा एक खेळाडू

मलप्रभाकाठी यांचे टेबल आणि तारखा यांबाबतचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, शेवटचे वाक्य मात्र मान्य नाही. ज्या कथेविषयी सोळा वर्षे कोणी बोलत नाही ती कथा संपलेली नसते, आणि तुम्ही नवी मांडलीत तरी पहिल्या रात्री जेवताना कोणीतरी त्या गावाचे नाव काढीलच. तेव्हा ती खेळा, पण थांबली होती तिथून खेळू नका. तुमच्या आयुष्यात सोळा वर्षे गेली आहेत, तर त्या गावातही सोळा वर्षे जाऊ द्या. वेस कोणासाठी उघडायची हा प्रश्न तुमच्या पात्रांविना कधीच निकालात निघालेला असेल. पात्रे आता पिकलेली आहेत, इकडे तिकडे पांगलेली आहेत आणि काही कारणाने त्या गावी परत येत आहेत. सूत्रधार म्हणून गावाने काय निवडले हे तुम्ही ठरवू नका, नाहीतर दोघांपैकी एक मित्र हरलाच म्हणून समजा. दोन्ही वेशी केव्हाच्या चिणून टाकलेल्या आहेत आणि आठवड्याचा बाजार तटाबाहेरच्या गायरानात भरतो, असे दाखवून सुरुवात करा. वेशी का चिणल्या आणि कोणी चिणल्या, हे खेळाडूंनाच सांगू द्या. बैठकीच्या आरंभी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुझ्या पात्राने ही सोळा वर्षे काय केले? उत्तर दोन वाक्यांत हवे. मी आमच्या गटात हे करून पाहिले आहे. कोणी सराफी पेढी काढली होती, कोणी मठात गेला होता, आणि आमच्यातल्या सगळ्यात आडदांड योद्ध्याने सांगितले की तो अजून त्याच घोड्याचे हप्ते फेडत आहे. तिथून पुढचा तासभर सूत्रधाराला तोंड उघडावे लागले नाही.

खबरदारी म्हणून टेबलाच्या मध्यभागी एक कोरे कार्ड ठेवा. ज्याला एखादा प्रसंग नकोसा वाटेल त्याने त्यावर बोट ठेवायचे, की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचे. कारण विचारायचे नाही, आणि नंतर एकट्याला गाठूनही विचारायचे नाही.

जुनी पात्रे नव्या नियमांत आणताना आकडे बदलत बसण्याच्या भानगडीत पडू नका. साडेतीन आवृत्तीतले आकडे पाचव्या आवृत्तीत जसेच्या तसे घातले तर सगळे प्रमाणच बिघडते. पात्राचा स्वभाव, शस्त्र आणि एखादी लकब तेवढी घ्या, बाकीचे नव्याने तयार करा. सगळ्यांना तिसऱ्या पातळीवर आणा, कारण २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे प्रत्येक वर्गाला (योद्धा, जादूगार असा पात्राचा प्रकार) आपली उपशाखा तिसऱ्या पातळीवर मिळते आणि तोवर पात्रे पुष्कळशी एकसारखीच वाटतात. पूर्वी सातव्या पातळीवर असलेला जादूगार तिसऱ्यावर कसा आला, असे कोणी विचारले तर वय झाले म्हणून सांगावे.

खरी चिंता आठ माणसांची आहे. सात खेळाडूंनी लढाईत आपापल्या पाळीला तीन तीन मिनिटे घेतली तरी एक फेरी एकवीस मिनिटांची होते, त्यात तुमचे राक्षस धरले की अर्धा तास, आणि लढाई चार फेऱ्या चालली की अर्धी बैठक संपली. दोन्ही वहिनींवर हा पहिलाच अनुभव लादू नये. म्हणून तीन बैठकांपैकी पहिली बैठक वेगळ्याच खेळाची ठेवा, जो कोणालाच येत नाही, म्हणजे सगळे एका रांगेत येतील. १९८१ पासून चालत आलेला ‘कॉल ऑफ कथुलू’ हा भयकथांचा खेळ यासाठी उत्तम आहे. त्यात लढाई क्वचित होते आणि शोध अधिक असतो. पात्राच्या कागदावर ‘ग्रंथालय ६०’ असे लिहिलेले असेल तर शंभरांत साठ किंवा कमी पडले की काम झाले. टक्केवारी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. वीस बाजूंच्या फाशात पाच मिळवून पंधरा गाठायचे म्हणजे संधी किती, हे जुन्या खेळाडूलाही पटकन सांगता येत नाही. ती ५५ टक्के असते.

शिवाय त्या खेळाचा नेहमीचा काळ १९२० चे दशक हा आहे, आणि त्या दशकातला सगळ्यात गाजलेला प्रसंग तुमच्या दारात घडलेला आहे. डिसेंबर १९२४ चे काँग्रेस अधिवेशन, ज्याचे अध्यक्षपद गांधीजींनी आयुष्यात एकदाच भूषवले, ते टिळकवाडीतच भरले होते. अधिवेशनाच्या पाण्यासाठी विहीर खोदली गेली, ती आजही काँग्रेस विहीर म्हणून सगळ्यांना माहीत आहे. अधिवेशनाला आठवडा उरला आहे, देशभरातून हजारो माणसे यायची आहेत, आणि विहीर खोदणारे मजूर रात्री खाली उतरायला नकार देत आहेत. का, ते तुम्ही ठरवा. पात्रे म्हणून स्वयंसेवक, छावणीतला कारकून, धारवाडहून आलेली शिक्षिका, छापखान्याचा जुळारी अशी माणसे द्या. वहिनींना बाण आणि चिलखत समजावून सांगण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे आहे. गांधीजींना मात्र कथेत बोलायला लावू नका. तुमच्यापैकी कोणीतरी त्यांचा आवाज काढील आणि रात्रीची सगळी भीती निघून जाईल.

तिखट भाकरी

स्वयंपाकाविषयी थोडेसे. पाळ्या लावू नका. गावातल्या एखाद्या मावशींना दोन वेळचे जेवण आधीच पैसे ठरवून सांगा: तांदळाची भाकरी, उसळ, भात आणि आमटी. टेबलावर खाणे ठेवायचेच असेल तर सुके ठेवावे. बेळगावला आलो म्हणून कुंद्याचा डबा मध्यभागी उघडून ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. आमच्या एका मित्राच्या चेटकिणीच्या कागदावर तुपाचा असा डाग पडला की तिच्याकडे कोणते मंत्र आहेत हे पुढच्या वर्षीही वाचता आले नाही. मांडेही नकोत. तोडायला गेले की त्यांचा चुरा नकाशाभर होतो. आणि सूत्रधाराला चहा करायला सुद्धा उठू देऊ नका.

टिळकवाडीचा सूत्रधार

सगळ्यांचे मनापासून आभार. सोळा वर्षे जाऊ देण्याची कल्पना वाचल्यावर मी उठून माळ्यावरची फाईल काढली. एक शंका आणखी आहे. पूर्वी आम्ही मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे काहीही मिसळून बोलत असू. धारवाडच्या मित्राची मराठी आता विसरत चालली आहे, आणि दोन्ही वहिनींना कन्नड अजिबात येत नाही. खेळाची भाषा कोणती ठेवावी? नियमातले शब्द मराठीत आणावेत का?

मराठी शिकवणारी

माझे बालपण धारवाडात गेले आणि माझ्या घरी दोन्ही भाषा बोलल्या जातात, म्हणून लिहिते. नियमातले शब्द आहेत तसेच ठेवा. ‘हिट पॉइंट’ला (पात्र किती मार सोसू शकते तो आकडा) ‘प्राणांक’ आणि ‘सेव्हिंग थ्रो’ला (संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा) ‘निभावफेक’ असे केलेत तर पहिली पंधरा मिनिटे सगळ्यांना मौज वाटेल आणि नंतर प्रत्येक वेळी त्याचा इंग्रजी शब्द विचारला जाईल. भाषेची कमाई तिथे नाही, ती पात्रांच्या बोलण्यात आहे.

इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम पुरते, म्हणून तिथल्या सूत्रधाराला राजाचा दरारा वर्णन करून सांगावा लागतो. आपल्याकडे दरवानाने एका पात्राला ‘तू’ म्हटले, दुसऱ्याला ‘तुम्ही’ आणि तिसऱ्याला ‘आपण’, की गावात कोणाची काय पत आहे हे एका वाक्यात कळते. वर्णनाची गरजच राहत नाही. सोळा वर्षांपूर्वी ज्या पोराला पात्रे ‘ए’ म्हणून हाक मारीत, तो आता गावचा कारभारी झाला आहे आणि त्याला काय म्हणावे हे कोणालाच कळत नाही, असा प्रसंग घालून पाहा. कन्नडमध्येही ‘नीनु’ आणि ‘नीवु’ हा भेद आहे, आणि उत्तर कर्नाटकात तर वाक्यामागे लावलेल्या ‘री’ने सगळे काम होते. ‘बा’ आणि ‘बर्री’ यांतले अंतर वहिनींना कन्नड न येताही स्वरावरून कळेल. तुमच्या धारवाडच्या मित्राला त्याचे पात्र बेलाशक कन्नडमध्ये बोलू द्या आणि टेबलावरच्या दुसऱ्या एखाद्या पात्राला दुभाषा करा. पणजीच्या मित्राला कन्नड येत असेल तर ते काम त्यालाच द्या. दुभाष्याला आधी समोरच्याचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे लागते, आणि त्या दोघांच्या बाबतीत २००९ मध्ये नेमके तेच राहून गेले असावे.

गावकऱ्यांना आपली बेळगावी बोली द्यायला हरकत नाही, पण विदूषकालाच ती देऊ नका. ‘काय करूलास’ म्हणणारा माणूस शहाणाही असू शकतो. आमच्या एका सूत्रधाराला हे दोन वर्षे सांगावे लागले.

टिळकवाडीचा सूत्रधार

पणजीच्या मित्राला कन्नड येते, फार चांगली येते, किंबहुना त्या दिवशीचे भांडण कन्नडमध्येच झाले होते. दुभाष्याचे काम त्याला देत आहे. त्याला कारण सांगणार नाही.

तारखा २४ ते २६ जानेवारी अशा कळवल्या आणि सगळ्यांनी होकार दिला आहे. जांबोटीच्या अलीकडे इन्व्हर्टर असलेले एक घर मिळाले. मालकाने टेबल नाही म्हणून सांगितले, म्हणून मंडपवाल्याला दोन टेबलांची आगाऊ रक्कम देऊन ठेवली. पंगत किती माणसांची, असे त्याने विचारले. आठ म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. शनिवारी विहीर खेळू, रविवारी दोन्ही बैठका गावाच्या.

फाईलमध्ये पाचही खेळाडूंचे कागद निघाले. धारवाडच्या मित्राच्या योद्ध्याच्या हिट पॉइंटच्या चौकटीत शिसपेन्सिलीने २१ लिहून खोडले आहे, मग १३, मग ४, आणि त्यापुढे काही नाही. वीस बाजूंचा फासा मात्र संचात नाही. तो कोणाकडे आहे हे गटावर विचारले, तर तिघांनी ‘माझ्याकडे’ असे उत्तर दिले आहे. तिघांनाही घेऊन यायला सांगितले आहे.